पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत टूर आणि टेस्टिंग: आधी टाक्या बघा, मग ग्लास उचला

विचारणा अशी आहे: चौघांचा गट पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर करून देणाऱ्या छोट्या कारखान्यात, टूर आणि टेस्टिंगसाठी जाणार आहे. दोघांनी आजवर फक्त बाटलीतली स्ट्राँग बिअर प्यायली आहे, एकीला बिअर कडू लागते म्हणून आवडत नाही, आणि चौथा मुळीच पीत नाही. तिथे काय बघायचं, कोणाला काय विचारायचं, आणि सहा छोटे ग्लास समोर आले की करायचं काय?

मी पुण्यात ब्रुअर म्हणून काम करतो. प्लँट बघायला आलेल्यांना फिरवणं हा माझ्या कामातला मला मनापासून आवडणारा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: टूर आधी आणि टेस्टिंग नंतर. टूरमध्ये डोळ्यांपेक्षा नाक जास्त वापरा. आणि टेस्टिंगला तिथली सगळ्यात साधी, फिकट बिअर सगळ्यात आधी मागवा.

बहुतेक मंडळी उलटं करतात. येऊन बसतात, दोन-दोन ग्लास होतात, मग कुणीतरी म्हणतं, चला टाक्या बघून येऊ. तोवर जीभ थकलेली असते, नाकात तळणीचा वास बसलेला असतो आणि स्टीलच्या टाक्यांपुढे फोटो काढण्यापलीकडे हाती काही लागत नाही. टाक्यांजवळ जो वास येतो तोच पुढे ग्लासात ओळखायचा असतो. तो आधी घेतला नसेल तर ग्लासात ओळखणार कसा?

जागा आणि वेळ

महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात पुण्यातच झाली. २००९ साली कोरिंथियन्स क्लबमध्ये डुलाली सुरू झाली, आणि पुढे त्यांनी मुंबईत टॅपरूम काढल्या. मुंढव्यात २०१४ साली इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली. आता मुंढवा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, बालेवाडी अशा सगळ्या भागांत ताजी बिअर मिळते. ठरावीक वेळेची, तिकिटाची टूर सगळीकडे नसते, पण आधी फोन करून विचारलंत तर बरेच ब्रुअर आनंदाने दाखवतात. शनिवारी रात्री मात्र कुणाकडे वेळ नसतो. आठवड्यातल्या मधल्या वारी, सकाळी उशिरा किंवा दुपारी जा. फोनवर एकच प्रश्न विचारा: तुमचा ब्रू-डे कधी असतो? त्या दिवशी गेलात तर चालू कारखाना बघायला मिळेल, नाहीतर नुसत्या टाक्या.

पायात बंद बूट घाला. जमीन कायम ओली असते, आणि ते पाणी नेहमी नुसतं पाणी असतं असं नाही. अत्तर, परफ्यूम, मोगऱ्याचा गजरा त्या दिवशी नको. तुमच्याबरोबरच्या सगळ्यांचं नाक त्याने बंद होतं. जाण्याआधी व्यवस्थित जेवा, पण मिसळ नको. तिखटाने जीभ तासभर तरी कामातून जाते.

माल्ट, मॅश आणि केटल

टूर माल्टच्या खोलीपासून सुरू करायला सांगा. तिथे पोती रचलेली असतात आणि बाजूला दळायची गिरणी असते. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेलं सातू, म्हणजे बार्ली. नाचणीचं सत्त्व घरी करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. इथेही तेच घडतं, आणि कारणही तेच: मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि ते पुढे पिठातल्या स्टार्चची साखर करतात. फरक दळण्यात आहे. इथे पीठ करायचं नसतं. दाणा फुटायला हवा, पण साल शक्य तितकी अख्खी राहायला हवी, कारण पुढे तीच साल गाळणीचं काम करते.

चार दाणे मागून घ्या आणि चावून बघा. फिकट माल्ट गोडसर, बिस्किटासारखं लागतं. क्रिस्टल माल्ट टॉफीसारखं. काळं भाजलेलं माल्ट कॉफीच्या बीसारखं कडवट. हे तीन दाणे चावलेत की संध्याकाळच्या अर्ध्या बिअरचा रंग आणि चव कुठून आली ते तुम्हाला आधीच कळलेलं असतं. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत माल्ट बरंचसं युरोपातून येतं. जर्मनीतल्या बामबर्गच्या वायरमनची पोती तुम्हाला हमखास दिसतील. आपल्याकडे राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात पिकणाऱ्या बार्लीचंही चांगलं माल्ट होतं, आणि ते वापरणारा ब्रुअर भेटला तर त्याच्याशी जरूर बोला. पावसाळ्यात गेलात तर माल्ट सादळू नये म्हणून काय करता, हेही विचारा. पुण्याच्या जुलैमध्ये उघडं राहिलेलं पोतं बघता बघता मऊ पडतं, पोरकिडे होतात, आणि असल्या माल्टचा कोंदट वास बिअरमध्ये उतरतो. नीट झाकलेली, जमिनीपासून उचलून ठेवलेली पोती दिसली तर तो ब्रुअर काळजीने काम करणारा आहे, असं खुशाल समजा.

पुढचं भांडं मॅश टन. दळलेलं माल्ट साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. दोन-तीन अंशांनी बिअर बदलते. खालच्या तापमानाला यीस्टला (साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्म बुरशीला) खाता येईल अशी साखर जास्त होते आणि बिअर हलकी, कोरडी लागते. वरच्या तापमानाला यीस्टला न पचणारी साखर उरते आणि बिअर जाड लागते. साखर पूर्ण झाली का हे बघायला आयोडीनचा थेंब टाकतात. निळा-काळा झाला तर अजून स्टार्च शिल्लक आहे. शाळेतला प्रयोग इथे रोज होतो, आणि बरोबर मुलाबाळांची आठवण काढणारं कुणी असेल तर या ठिकाणी ते हमखास थांबतं.

यातून निघणाऱ्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. टूरमध्ये एकच गोष्ट हट्टाने मागायची असेल तर हीच मागा: कोमट वर्टचा एक घोट. हॉर्लिक्सची आठवण येईल, कारण त्यातही माल्टच असतं. यात अल्कोहोल अजिबात नाही, त्यामुळे तुमच्यातल्या न पिणाऱ्यालाही तो देता येतो. हा गोडवा लक्षात ठेवा. संध्याकाळी ग्लासात यातला फारच थोडा उरलेला असेल, आणि तो कुठे गेला हे शोधण्यातच टेस्टिंगची सगळी मजा आहे.

गाळून उरलेल्या चोथ्याचं काय करता, हे लोक आवर्जून विचारतात. ५०० लिटरची एक बॅच काढायला साधारण ९० ते १०० किलो माल्ट लागतं, आणि ओला चोथा वजनाने तेवढा किंवा थोडा जास्तच निघतो. त्यात साखर गेलेली असली तरी प्रथिनं आणि तंतू असतात, म्हणून तो गुरांसाठी गोठ्यांवर जातो. त्याच दिवशी उचलावा लागतो. पुण्याच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी तो आंबून जातो.

मग केटल. इथे वर्ट तास-दीड तास उकळतो आणि हॉप्स पडतात. हॉप्स ही वेलीवरची फुलं, पण आपल्याकडे बहुधा हिरव्या गोळ्यांच्या रूपात येतात. भारतात हिमाचलमधल्या लाहौलमध्ये थोडे पिकतात, बाकी जर्मनी, चेक प्रजासत्ताक आणि अमेरिकेतून येतात. दोन गोळ्या तळहातावर चुरडून नाकाजवळ न्या. संत्र्याची साल, पेरू, ओलं गवत, देवदाराचं लाकूड, जातीप्रमाणे काहीही येईल. सुरुवातीला घातलेले हॉप्स उकळून कडवटपणा देतात. शेवटी घातलेले नुसता वास देतात, कारण उकळीत वासाची तेलं उडून जातात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आमच्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. फरक लहान आहे, पण किनाऱ्यावरची रेसिपी इथे आणली की हॉप्सचा हिशेब किंचित हलवावा लागतो.

फर्मेंटर: इथे जास्त वेळ थांबा

खरी बिअर इथे होते. ब्रुअर मंडळी म्हणतात की आम्ही वर्ट करतो आणि बिअर यीस्ट करतं, ते शब्दशः खरं आहे. उकळलेला वर्ट झटपट थंड करून या उभ्या, खाली निमुळत्या टाक्यांमध्ये येतो. एल जातीच्या बिअरसाठी १८ ते २० अंश, लागरसाठी १० ते १२. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात नळाचं पाणीच इतकं कोमट असतं की नुसत्या पाण्याने वर्ट थंड होत नाही. शून्याखालच्या ग्लायकॉलची, म्हणजे न गोठणाऱ्या थंड द्रवाची, मदत घ्यावी लागते, आणि टाक्यांच्या दुहेरी भिंतींमधून तेच फिरत असतं. चिलर बंद पडणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी धास्ती आहे. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, टाकीचं तापमान तासातासाला चढतं, आणि चार अंश चढले की बिअरची चवच बदलते.

टाकीतून निघालेली नळी खाली पाण्याच्या बादलीत सोडलेली दिसेल. बुडबुडे जोरात येत असतील तर आंबवणं भरात आहे. त्या बादलीत थेट नाक घालू नका. तो कार्बन डायऑक्साइड आहे आणि झिणझिण्या येतात. शेजारी उभं राहून वास घ्या. गव्हाच्या बिअरची टाकी असेल तर चक्क पिकल्या केळ्याचा वास येईल, मागोमाग लवंगेचा. त्या टाकीत केळं नाही आणि लवंगही नाही. बव्हेरियन हेफेवाइझनचं यीस्ट हे दोन्ही वास स्वतः तयार करतं. जरा उबेत ठेवलं तर केळं पुढे येतं, थंड ठेवलं तर लवंग. टूरमध्ये मला सगळ्यात जास्त काय दाखवायला आवडतं विचाराल तर हे. लोकांचा विश्वास बसत नाही, आणि संध्याकाळी ग्लासात तोच वास आला की चेहरे बघण्यासारखे होतात.

ब्रुअरला ग्रॅव्हिटीची वही दाखवायला सांगा. रोज नमुना काढून त्याची घनता मोजून लिहिलेली असते. सुरुवात १.०४८ आणि शेवट १.०१० असेल तर वजाबाकी ०.०३८. तिला १३१.२५ ने गुणा, जवळपास ५ येतात. तेवढे टक्के अल्कोहोल. गोड वर्टची साखर कुठे गेली ते इथे आकड्यांत दिसतं. वही नीट, न चुकता भरलेली असेल तर त्या जागेच्या बिअरवर माझा निम्मा विश्वास तिथेच बसतो.

आंबत असलेल्या बिअरचा एक घोट मिळाला तर घ्या. अर्धी झालेली बिअर गढूळ असते, तिला हिरव्या सफरचंदाचा वास येतो, कधी गंधकाचा. यात काही बिघडलेलं नसतं, यीस्टला वेळ हवा असतो एवढंच. एल बिअर साधारण आठवड्यात आंबून होते आणि मग काही दिवस थंडीत निवते. लागरला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, अनेक आठवडे. आणि शहरात जागेचं भाडं चढं, टाक्या मोजक्या, शनिवार-रविवारी गर्दी. टाकी रिकामी करायची घाई झाली की मोडते ती लागरच. म्हणूनच मी साधी बिअर आधी प्यायला सांगतो.

टाक्यांच्या खोलीत व्हिनेगरसारखा उग्र वास आला तर बिअर आंबट झाली असं समजू नका. तो बहुधा पेरासेटिक अॅसिडचा असतो, निर्जंतुक करायला वापरतात त्याचा. आमचा निम्म्याहून जास्त दिवस धुण्यात जातो: आधी गरम कॉस्टिक, मग आम्ल, मग हे. टूरमध्ये या कामाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुम्ही मुद्दाम बघा. पाइप जमिनीवर लोळतायत की टांगलेले आहेत, गटाराच्या जाळीला वास येतो का, नमुना काढायचा नळ वापरल्यावर फवारून पुसतात का. बिअर जिवंत यीस्टच्या भरवशावर चालते, आणि यीस्टला जे आवडतं ते जिवाणूंनाही आवडतं.

टूर संपवताना तीन प्रश्न विचारा. आज टॅपवर असलेली कोणती बिअर सगळ्यात ताजी आहे? टॅपच्या लाइन शेवटच्या कधी धुतल्या? दोन आठवड्यांच्या आतलं उत्तर यायला हवं. आणि तिसरा, तुम्ही स्वतः ड्यूटी संपल्यावर काय पिता? या शेवटच्या प्रश्नाला ब्रुअर सहसा खोटं बोलत नाहीत.

आता टेस्टिंग

बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासांचा ट्रे मिळतो, कुणी त्याला सॅम्पलर म्हणतं, कुणी फ्लाइट. १०० मिलिलीटरचे सहा ग्लास धरले तर एकूण ६०० मिली होतात, म्हणजे जवळपास दोन पाइंट बाटल्या. छोटे ग्लास बघून ते ध्यानात राहत नाही. चौघांपैकी तिघे पिणारे आहात, तर दोन ट्रे तिघांत वाटून घ्या. चवीला दोन मोठे घोट पुरतात.

क्रम फिकटाकडून गडदाकडे आणि सौम्याकडून तीव्राकडे. आधी लागर, पिल्सनर किंवा कोल्श, म्हणजे फिकट, साध्या बिअर. मग गव्हाची. मग आंबट किंवा फळाची. त्यानंतर पेल एल आणि आयपीए, म्हणजे जास्त हॉप्सची कडवट इंडिया पेल एल. शेवटी पोर्टर किंवा स्टाउट, या भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअर. आयपीए आधी प्यायलात तर तिच्या कडवटपणापुढे लागर पाण्यासारखी लागेल आणि तुम्ही तिला विनाकारण नावं ठेवाल.

ग्लास बर्फात घालून गोठवलेला नको, असं सांगा. अतिथंड बिअरला वास नसतो. लागर ४ ते ६ अंशांना चांगली लागते, एल त्याहून जरा कोमट, स्टाउट तर १० अंशांच्या पुढेच उघडते. ग्लास फार थंड आला तर दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तो ग्लास नीट धुतलेला नाही, बदलून मागा. पिताना फेसाची जाळी काचेवर कड्याकड्यांनी उरत असेल तर ग्लास स्वच्छ आहे आणि बिअरही चांगल्या हातातून आलेली आहे.

प्रत्येक ग्लासाला हीच रीत. उजेडात धरून रंग आणि फेस बघा. ग्लास हलकेच फिरवून लगेच वास घ्या, कारण पहिल्या काही सेकंदांत जे उडतं ते नंतर मिळत नाही. मग एक घोट घेऊन तोंडभर फिरवा आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे गिळतात. गिळताना घशातून नाकात जो वास चढतो आणि मागे कडवटपणा किती वेळ रेंगाळतो, तो बिअरच्या चवीचा मोठा भाग आहे. नाकाने श्वास बाहेर सोडा, तेव्हा कळेल. मग काय वाटलं ते मोबाइलवर किंवा कागदावर एका ओळीत लिहा, आणि लिहून झाल्यावरच एकमेकांना सांगा. एकाने केळं म्हटलं की सगळ्यांना केळं दिसायला लागतं.

दोन बिअरच्या मध्ये पाणी प्या आणि साधे कुरमुरे किंवा पाव खा. चकण्याची मसाला शेंगदाण्याची बशी, शेव, चिकन चिली हे सगळं टेस्टिंग संपल्यावर मागवा. वेटर आधीच आणून ठेवेल, त्याला प्रेमाने परत पाठवा.

आता साध्या बिअरबद्दल, कारण सगळ्यात जास्त तीच शिकवते. लागर किंवा कोल्शमध्ये माल्ट, थोडे हॉप्स, स्वच्छ यीस्ट एवढंच असतं. एखादी चूक झाकायला आंब्याचा गर नाही, कॉफी नाही, मूठभर अमेरिकन हॉप्स नाहीत. ताजा पाव, किंचित मध, शेवटी हलका कडवटपणा आणि पुढचा घोट घ्यावासा वाटणं, एवढं मिळालं तर त्या जागेचं बाकीचं कामही चांगलं असण्याची शक्यता मोठी. लोण्यातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर ते डायअसिटिल. यीस्टला ते परत खाऊन टाकायला वेळ मिळाला नाही, किंवा टॅपच्या लाइन धुतलेल्या नाहीत. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर वर्ट पुरेसा जोरात उकळला नाही किंवा थंड करायला उशीर झाला. दवाखान्यातल्या पट्टीचा वास बहुधा पाण्यातल्या क्लोरीनमुळे येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून बिअर शिळी झाली. हे दोष अंगाला बाधत नाहीत, पण ओळखता आले की तुम्ही कुठल्याही शहरात, कुठल्याही टॅपवर पहिल्या ग्लासात जागा पारखू शकता. दोष वाटला तर ब्रुअरला शांतपणे सांगा. चांगला ब्रुअर स्वतः येऊन तो ग्लास हुंगून बघतो.

स्ट्राँगवाल्या दोघांसाठी एक वेगळी सूचना. आपल्याकडच्या बाटलीतल्या स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असतं, चवीला ती गोडसर असते आणि बर्फासारखी गार पितात. तिच्या सवयीने इथली साडेचार टक्क्यांची बिअर पाणचट वाटू शकते. पहिल्या दोन ग्लासांवर मत बनवू नका. आणि रंगावरून ताकद ठरवू नका. तुमची नेहमीची स्ट्राँग सोनेरी असते, तर जगप्रसिद्ध गिनीज ड्राफ्ट काळीकुट्ट असूनही साधारण ४.२ टक्क्यांचीच. काळा रंग येतो तो मूठभर भाजलेल्या बार्लीचा.

कडू आवडत नाही म्हणणारीला हेफेवाइझन किंवा बेल्जियन विटबिअर द्या, दोन्ही गव्हाच्याच. दोन्हींत हॉप्स अगदी कमी. विटबिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे पडतात, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलंच सगळं. त्यानंतर आंबट बिअर द्या. ज्यांना बिअर आवडत नाही असं वाटतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आंबट बिअर आवडते, हे मी वारंवार बघितलं आहे. सफरचंदाची सायडर हाही पर्याय असतो.

पुण्यात आलात तर इथल्या जिन्नसांची बिअर चुकवू नका. ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घातलेली बिअर केली. ही जोडी मला फार योग्य वाटते. जर्मनीत गोझे नावाची खारट-आंबट बिअर पूर्वापार आहे, आणि कोकमाचा आंबटपणा आणि मीठ एकत्र कसे बसतात हे कोकणात वाढलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. आंब्याच्या दिवसांत आंब्याची, त्यानंतर जांभळाची बिअर काही ठिकाणी निघते. आंब्याच्या बिअरकडून आमरसाची अपेक्षा ठेवू नका. गरातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, उरतो तो सालीजवळचा वास आणि जरासा तुरटपणा. खूप गोड लागली तर सिरप नंतर मिसळलं आहे का, असं विचारायला हरकत नाही. नाचणी, बाजरी, तांदूळ वापरणाऱ्यांचंही मला कौतुक आहे. ही धान्यं बार्लीच्या मॅशच्या तापमानाला नीट शिजत नाहीत, आधी वेगळी शिजवून घ्यावी लागतात. दिवसात दोन-तीन तासांची भर पडते.

न पिणारा, शाकाहारी, ग्लुटेन वगैरे

न पिणाऱ्या मित्राला नुसता गाडी चालवायला नेऊ नका. माल्ट चावणं, हॉप्स चुरडणं, वर्टचा घोट, टाकीजवळचे वास, हे सगळं त्याला करता येतं, आणि टेस्टिंगला ग्लास हुंगून आपलं मत लिहिता येतं. त्याचं नाक शेवटपर्यंत ताजं असतं, त्यामुळे सहाव्या ग्लासाला सगळ्यात भरवशाचं मत त्याचंच निघतं.

शाकाहारी असाल तर बिअर स्वच्छ करायला जिलेटिन किंवा माशापासून काढलेलं आयझिंग्लास वापरता का, हे विचारा. पुण्यातल्या बऱ्याच बिअर न गाळलेल्या, गढूळच दिल्या जातात, तरी विचारलेलं बरं. केटलमध्ये घालतात तो आयरिश मॉस समुद्री शेवाळाचा असतो, त्याची काळजी नको. ग्लुटेन चालत नसेल तर बार्ली आणि गव्हाच्या बिअर पूर्णपणे वर्ज्य. सायडर चालते, पण ती त्याच टॅपच्या लाइनमधून येत नाही ना, हे बघा. गरोदर असाल किंवा औषधं चालू असतील तर टूर करा, टेस्टिंग नको.

महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. पिण्याचा परवाना नसेल तर एक दिवसाचा तिथेच मिळतो. जाण्याआधी ड्राय डे नाही ना, ते बघा. २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी लक्षात राहतात, पण अनंत चतुर्दशी आणि मतदानाचे दिवस लोक विसरतात.

गाडी घरी ठेवा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि वाटून घेतलेल्या ट्रेमधल्या बिअरनेही ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कल्याणीनगरच्या बाजूला जात असाल तर वनाज ते रामवाडी मेट्रोला कल्याणीनगर स्टेशन आहे. मुंढवा, बाणेरसाठी रिक्षा किंवा कॅब आधीच ठरवून ठेवा.

बिअर घरी न्यायची असेल तर ग्रोलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, देतात का, ते विचारा. न गाळलेली, पाश्चराइझ न केलेली बिअर आहे, तेव्हा थेट फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत संपवा. रात्री जेवणाबरोबर प्यायची झाली तर हेफेवाइझन सुरमईच्या तव्यावरच्या तुकडीबरोबर छान जाते, आणि स्टाउट मटणाच्या काळ्या रश्श्याबरोबर. आयपीए आणि झणझणीत तिखट एकत्र आणू नका. कडवटपणा तिखटाला आणखी पेटवतो.